खालचे पाच वाफे

११ जानेवारी १९८३, पेण

नियतकालिकाची नियमावली आली. लेखकांसाठी सूचना, सहा छापील पानं. जेवणाआधी एकदा वाचली, जेवणानंतर पुन्हा एकदा. कागदाच्या एकाच बाजूला टंकलेखन. ओळींमध्ये दुप्पट अंतर. डावा समास दीड इंच. तीन प्रती, आणि तिसरीही पहिलीइतकीच ठळक. तक्ते वेगळ्या कागदावर, तक्त्यात उभी रेघ एकही नको. आकृत्या काळ्या शाईने ट्रेसिंग कागदावर. सारांश दोनशे शब्दांत.

दुसऱ्या कुणाला हा जाच वाटला असता. मला बरं वाटलं. जिथे नियम स्पष्ट असतात तिथे मी अजून कधी नापास झालेले नाही.

सारांश आधी मराठीत इथेच लिहून बघते. धरमतरच्या बाजूला खाडीकाठी खारजमीन आहे. खालच्या भागात खार इतका, की भाताची रोपं जगत नाहीत. तिथे ठमाबाई म्हात्रे यांच्या शेतात मी चोवीस वाफे आखले. बारांत गिरिपुष्पाचा पाला गाडला, बारा तसेच ठेवले. बी सगळीकडे एकच, सरकारी फार्मवरचं. तीन पावसाळे हे केलं. खालचे पाला नसलेले पाच वाफे तिन्ही वर्षं मेले. खालचे पाला घातलेले पाच तिन्ही वर्षं जगले आणि भरघोस पिकले.

एवढंच. पण एवढंही आजवर कुणी दाखवलेलं नाही. मार्चअखेर लेख गेला आणि वर्षभरात छापून आला, तर विद्यापीठाची दोन वर्षांची संशोधन रजा मला मिळणार. प्राचार्यांनी तसं स्पष्ट शब्दांत सांगितलंय. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या कुणाला ती अजून मिळालेली नाही.

१६ जानेवारी

रविवार. नमुन्याच्या लोंब्या आणायला ठमाबाईंकडे गेले. खालच्या पाच वाफ्यांतल्या लोंब्यांना लांब काळसर कुसळं आहेत, वरच्यांना नाहीत. हे तिन्ही वर्षं टिपलंय. खाराचा परिणाम, दुसरं काय. चर्चेच्या भागात एक परिच्छेद होईल.

ठमाबाई पन्नाशीच्या. मी महिन्यातून एकदाच जाते, मधलं सगळं त्याच बघतात. आज विचारत होत्या, "बाई, ह्यो कागद छापला की लोकं काय करतील?"

"खालच्या शेतात पाला घालतील."

"आणि बी कुठलं टाकतील?"

"कुठलंही. पाला महत्त्वाचा."

त्या म्हणाल्या, "पाल्याचं येवढं नका लिवू, बाई. भाताचं बी काय तरी लिवा."

मी हसले. त्यांना वाटत असेल, पाला म्हणजे गुरांचं खाणं, त्यावर कसला लेख! आभाराच्या ओळीत 'एका स्थानिक शेतकरी महिलेचे सहकार्य लाभले' असं घालायचं आहे. विसरायला नको.

६ फेब्रुवारी

रोह्याला जाऊन आले. इंग्रजी टंकलेखन मोरोपंतांनीच करावं असं सगळे सांगतात. तहसील कचेरीत तीस वर्षं काढली, आता धाविराच्या देवळाच्या अलीकडे घरच्या पडवीत यंत्र मांडून बसतात. लांब गाडीचं यंत्र आहे, रुंद तक्ता एका कागदावर बसतो. खाडाखोड नाही, पांढरा रंग नाही. चुकलं तर पान फाडतात.

मी नियमावली पुढे केली. त्यांनी चष्मा चढवून सगळी वाचली आणि म्हणाले, "शिस्तीचा माणूस दिसतो संपादक. काम करायला बरं वाटेल."

२० फेब्रुवारी

मोरोपंत म्हणजे नस्ता कीस. तक्ता क्रमांक दोन टाइप न करता तसाच बाजूला ठेवलेला.

"प्रधानबाई, हा वाफा सतरा. पंधरा जुलैला रोपं अकरा. पंधरा ऑगस्टला एकशे चौऱ्याण्णव. वाढली कुठून?"

"तुम्ही आकडे टाइप करा ना, पंत."

"करतो. पण मी जन्मभर सात-बारा उतरवले. मेलेला माणूस पुढच्या पानावर जिवंत झाला की आम्ही थांबायचो. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, सगळ्यांत तेच. सालं तिन्ही."

मी म्हटलं, ती मोजणी माझ्याच हाताची आहे, चूक नाही. वहीसुद्धा दाखवली.

"चूक आहे असं कुठं म्हटलं? कसं झालं तेवढं विचारलं."

येताना नागोठण्यापर्यंत चिडचिड होत होती. मग गाडीतच उत्तर सुचलं. पाल्याने खार उतरला, आणि तोवर जमिनीत दबून राहिलेलं बी उशिरा उगवलं! हा तर स्वतंत्र शोध आहे. तीन वर्षं आकडे समोर होते आणि मला दिसलं नाही. घरी येताच 'विलंबित अंकुरण' असा उपमथळा लिहून काढला. बिचाऱ्या मोरोपंतांचे नकळत उपकारच झाले.

२८ मार्च

पाठवला. एकवीस पानं, चार तक्ते, तीन आकृत्या. आकृत्यांमधली अक्षरं स्टेन्सिलने काढली, एकही डाग नाही. रजिस्टर्ड पोस्टाची पावती नियमावलीत घालून ठेवली. आमचे हे, त्र्यंबक, बँकेतून येताना पेढे घेऊन आले. मी म्हटलं, अजून स्वीकारलेला नाही. ते म्हणाले, "तू पाठवलास म्हणजे झालंच."

मलाही तसंच वाटतंय. खोटं कशाला लिहू?

१९ मे

संपादकांचं पत्र. किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारार्ह! तीनदा वाचलं. एका परीक्षकाला विलंबित अंकुरण 'अतिशय अनपेक्षित' वाटलंय. तो म्हणतो, वरच्या आणि खालच्या वाफ्यांतल्या दाण्यांचा, साल काढून, शेजारी शेजारी ठेवून फोटो जोडा.

सोपं आहे. नमुने कपाटात आहेत. उद्याच प्रयोगशाळेत सोलते.

२० मे

वरच्या वाफ्याचा दाणा सोलला, पांढरा. खालच्या वाफ्याचा सोलला, लाल.

सतराव्या वाफ्याचे दहा दाणे सोलले. अठराव्याचे दहा. मग पाचही वाफ्यांचे, तिन्ही वर्षांचे. सगळे लाल.

तीन वर्षं मी हे भात मोजलं, वजन केलं, लोंब्यांची लांबी घेतली. एक दाणा सोलून बघितला नाही. कुसळं काळी होणं खाराने शक्य आहे, असं स्वतःला अजून सांगता येईल. पांढरा तांदूळ खाराने लाल होत नाही.

२२ मे

सकाळच्या गाडीने ठमाबाईंकडे गेले. त्या ओटीवर सुपात भात पाखडत होत्या. मी दाणे पुढे केले. त्यांनी दाणे बघितले, मग माझ्याकडे.

"राता हाय. आमचा."

"माझ्या वाफ्यात कसा आला?"

"मी टाकला."

तिन्ही वर्षं. जुलैत माझी रोपं जळाली की त्या मोड आणलेला राता त्या पाच वाफ्यांत टाकायच्या.

"पाचच का? दुसरे पाच मेले ते तसेच का ठेवले?"

"ते मरणारच आसं तुमी सांगितलेलात. त्यांचं तुमाला कायच नव्हतं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पाल्याच्या वाफ्यांवर तुमचा जीव. पयल्या साली तुमी सोता पाल्याचे भारे डोकीवर घेऊन बांधावरनं आलात. साडीला चिखल, पायाला जळवा. शिकलेली बाई आसं करते हे मी कंदी बघितलं नव्हतं. मग जुलैत तुमी मोजून गेलात, आणि आठ दिवसांत उरलं हुतं ते बी जळालं. मी म्हटलं, ही परत येईल तवा काय बघंल?"

"मला सांगायचं तरी!"

"सांगणार हुते. पण तुमी आलात आन् नाचायलाच लागलात बांधावर. 'ठमाबाई, जगलं! जगलं!' मग कसं सांगू?"

मला आठवतंय. मी खरंच नाचले होते.

मग त्यांनी राताचं सांगितलं. त्यांची सासू बायजाबाई तरुण असताना एकदा बांध फुटून खाडी शेतात शिरली. सगळं भात गेलं, शंभरातलं एखादं रोप उभं राहिलं. सासूने तेवढ्याच लोंब्या वेचून बी धरलं. पुढेही दर साली सगळ्यात खारट कोपऱ्यात जे उभं राहील तेवढ्याचंच बी. सासूनंतर हे काम ठमाबाईंचं.

मला चहा दिला. प्यायले. त्यांच्यावर रागावता येईना, आणि रागावले नाही तर मग राग स्वतःवरच येत होता.

२३ मे

त्र्यंबकांना सगळं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"फोटो काळा-पांढरा असतो ना?" ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल दाणा जरासा गडद दिसेल, एवढंच. परीक्षकाला काय कळणार!

"असं करायचं म्हणून नाही म्हटलं," ते म्हणाले. "तुला हे सुचलंय की नाही, तेवढं बघत होतो."

सुचलं होतं. कालच, गाडीत. इथे खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. पेण येईपर्यंत ते डोक्यात होतं.

२५ मे

लेख मागे घेत असल्याचं पत्र टाकलं. एका पानात. बी बदललं गेलं होतं, त्यामुळे निष्कर्ष चुकीचे आहेत, दोष माझा. प्राचार्यांनाही सांगितलं. रजा या वर्षी गेली. पुढच्या वर्षीही जाईल.

विचित्र गोष्ट अशी की तीन दिवसांनी आज भूक लागली. पोळ्या जास्त केल्या होत्या, सगळ्या संपल्या. एक मात्र पक्कं दिसतंय. माझ्या लेखापेक्षा त्या सुपातला शोध मोठा आहे. तो नीट मांडायचा तर कसा, हे मला माहीत आहे. ते काम मला येतं.

१२ जून

वाफे नव्याने आखले. खालच्या भागात सोळा. आठांत सरकारी बी, आठांत राता. दोन्हींतल्या चार-चार वाफ्यांत पाला. ठमाबाईंना म्हटलं, "यंदा मधे हात लावायचा नाही."

"मेलं तरी?"

"मेलं तरी."

"जीव तुटतो वो, बाई."

"माझाही तुटेल. पण लावायचा नाही."

त्यांनी मान डोलावली. मग जाता जाता म्हणाल्या, "तुमी बी मग डोकीवर भारे आणू नका. लोकं बघतात."

६ नोव्हेंबर

सरकारी बियांचे आठही वाफे मेले, पाला घातलेलेसुद्धा. राताचे सहा जगले, पाल्याचे आणि बिनपाल्याचे जवळजवळ सारखेच. तीन वर्षं ज्या पाल्याचे मी भारे वाहिले त्याने काहीही फरक पडत नाही. हे वाक्य लिहिताना वाटलं होतं त्यापेक्षा कमी दुखलं.

राताचे उघाडीजवळचे दोन वाफे गेले. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, तिथून खाडी सतत झिरपते. ते दोन मी मुळात चुकीच्या जागी आखले. आणखी एक पावसाळा करायचा.

११ नोव्हेंबर १९८४

वर्षभर इथे काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं शेतातच चाललं होतं. या साली हुबेहूब तेच. उघाडीजवळचे दोन पुन्हा गेले, बाकी सहा उभे. आता शंका नाही. दाणे सोलून, मोजून, बाटल्यांत भरून ठेवले. यंदा प्रत्येक वाफ्याचे.

६ जानेवारी १९८५

नवा लेख तयार. मोरोपंत दोन वर्षांनी भेटले, तसेच. आकडे वाचता वाचता म्हणाले, "या वेळी कुणी जिवंत झालेलं दिसत नाही." मी म्हटलं, "पंत, त्या वेळी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांनी कार्बन सारखा केला. म्हणाले, "ऐकलं असतंत तर मला तीच पानं दोनदा टाइप करायची वेळ आली नसती."

लेखकांची नावं दोन. पद्मजा प्रधान, ठमाबाई म्हात्रे. आभाराच्या ओळीतून त्यांना वर आणलं. हे करताना मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं, तेही लिहून ठेवते.

पण नियमावलीत नवी अट आहे. 'सर्व लेखकांनी संपूर्ण लेख वाचला असून तो त्यांना मान्य आहे', या निवेदनावर सगळ्यांची सही हवी.

२० जानेवारी

ठमाबाईंना सांगितलं. आधी म्हणाल्या, "माझं नाव कशाला? मी कुठं शिकलेली?" मग अटीचं सांगितलं तेव्हा जरा ताठ बसल्या. "मंग वाचा. सगळा वाचा."

सकाळी नऊला ओटीवर सुरुवात केली. एकेक वाक्य इंग्रजीतून मराठीत सांगायचं. तक्तेसुद्धा. दोन तास गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. बायजाबाईंच्या निवडीचा परिच्छेद आला तेव्हा एकदा "व्हय" म्हणाल्या, बस.

संपलं. मी अंगठ्याची शाई काढली.

"ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "रात्याचे वाफे किती लिवलेत?"

"सहा."

"आठ हुते."

"ते दोन उघाडीजवळचे. ते धरत नाहीत, ठमाबाई. जागाच चुकली होती. शास्त्रात असं चालतं."

"मेले का नाय?"

"मेले."

"दोनी साली?"

"हो, पण—"

"मंग लिवा. मेले ते बी लिवा." त्यांनी हात मागे घेतला. "हितं खाडीकाठी अर्ध्या लोकांची शेती उघाडीच्या तोंडाशी हाय. कुणीतरी हे वाचून सांगंल, ठमाबायचं बी खारात मरत नाय. तो घरातलं सगळं बी काढून टाकील. मरंल. मंग तो माझ्या दारात यील. तुमच्या नाय येणार, तुमी पेणला."

मी सांगायला गेले की तळटीपही देता येईल, बारीक अक्षरांत.

"बारीक कशाला? जेवढं मोठं जगलं लिवलंय तेवढंच मोठं मेलं लिवा. नायतर माझं नाव काढा."

दोन वर्षांपूर्वी फोटोच्या बाबतीत मी स्वतःला आवरलं होतं, आणि तेव्हापासून मी प्रामाणिक माणूस आहे अशी माझी खात्री झाली होती. आणि हे दोन वाफे मी न अडखळता, काही न लपवल्यासारखे वगळले होते. त्यांनी नसतं विचारलं तर मला ते कधी आठवलेही नसते.

शाई पुन्हा पिशवीत ठेवली. म्हटलं, "पुढच्या रविवारी येते. नवीन पानं घेऊन."

२३ जानेवारी

पाच पानं बदलली. सारांश, दोन तक्ते, चर्चा, निष्कर्ष. सारांश दोनशे शब्दांत बसेना, म्हणून पाल्याबद्दलचं एक लाडकं वाक्य काढलं. मोरोपंतांनी जुनी पानं फाडली. "बाईचं बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

२७ जानेवारी

नवीन पानं वाचून दाखवली. या वेळी त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. संपल्यावर म्हणाल्या, "आता ठीक."

अंगठा उठवला. मोरोपंतांनी जागा आखून दिलीच होती, शेजारी कचेरीच्या वळणदार अक्षरांत 'निशाणी डावा अंगठा, ठमाबाई म्हात्रे, शेतकरी'. संस्थेच्या नावाच्या जागी गाव आणि तालुका. खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही, नियमावलीत तशी कुठेही अट नसताना. 'अंगठ्याला साक्षीदार लागतोच,' म्हणे.

उद्या पोस्टात टाकते.

१४ एप्रिल

स्वीकारला. एकही दुरुस्ती न सांगता. रजेचा अर्ज उद्या प्राचार्यांकडे देते, मिळेल असं वाटतं. खरं तर खात्रीच आहे.

पत्र घेऊन ठमाबाईंकडे गेले. त्यांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं.

"किती लोकं वाचतील?"

मी अंदाज केला. "जगात दोन-तीनशे."

"बस? पेणच्या बाजारात एका सकाळी त्याच्याहून जास्ती येतात." थोडा विचार करून म्हणाल्या, "मराठीत बी एक कागद काढा. येकाच बाजूला. बाजारात वाटू. पेरणीच्या आधी."

२१ एप्रिल

रोह्याला. मोरोपंतांनी मराठी यंत्राला सायक्लोस्टाइलचा मेणकागद लावून ठेवला होता. मी घरून मजकूर आणला होता, पण त्याची सुरुवात राताच्या इतिहासाने होती, बायजाबाई वगैरे. मोरोपंत बोटं यंत्रावर ठेवून थांबले.

"पहिली ओळ सांगा."

मी हातातला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि सांगितलं:

"लिहा. 'हे बी कुठे मरतं, ते आधी वाचा.'"